संकरित कण आणि गावकुसाबाहेरचा रोगी

१

'संकर' हा शब्द आपल्या देशात कधी सरळ मनाने उच्चारला गेलेला नाही. वर्णांचा संकर म्हणजे अधर्म, संकरातून जन्मलेला तो हीन, अशी शिकवण धर्मशास्त्रांनी शतकानुशतके दिली आणि तिच्या आधाराने माणसांची उतरंड रचली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लिहिलेल्या, पण त्यांना देऊ न दिलेल्या जातिनिर्मूलनावरील भाषणात रक्तशुद्धीच्या या दाव्याची चिरफाड केली. तरीही शब्दाला लागलेला डाग पुरता गेलेला नाही. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत मात्र हाच शब्द आज सन्मानाने वापरला जातो. तेथे संकर म्हणजे दोन वेगळ्या पदार्थांचे गुण एकत्र आणणे आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढणे.

ही तुलना मी येथेच थांबवतो. रसायनाच्या एखाद्या कणावरून समाजाचे नियम काढणे ही भोंगळ पद्धत आहे. निसर्गाचे दाखले देऊन विषमतेचे समर्थन करणाऱ्यांनी तीच पद्धत वापरली होती. आपण तिच्या वाटेला जाऊ नये. मला येथे संकराचा गौरव करायचा नाही. लिपिड आणि पॉलिमर यांचे संकरित नॅनोकण म्हणजे काय, ते औषध कसे वाहून नेतात आणि त्यांचा आपल्याशी संबंध काय, एवढेच सांगायचे आहे.

साहित्याची आणि चळवळीची चर्चा करणाऱ्या पानांत औषधाच्या कणांचे काय काम, असे कोणी विचारील. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गात आता आपल्या वस्त्यांतून, तांड्यांतून आलेली मुलेमुली बसतात. पाठ्यपुस्तकातली 'औषध नेमक्या जागी पोहोचवणे' ही ओळ ती पाठ करतात आणि परीक्षेत लिहून गुण मिळवतात. 'नेमकी जागा' म्हणजे कोणाच्या शरीरातली जागा, हा प्रश्न पुस्तक विचारत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: कण कसा घडवायचा हा केवळ रसायनशास्त्राचा प्रश्न नसतो. त्याचा आकार, त्याचे आवरण, तो किती उष्णता सोसतो, त्याला किती खर्च येतो, या प्रत्येक निर्णयात एक रोगी गृहीत धरलेला असतो. तो रोगी कोण, हे विचारण्याचा अधिकार आपला आहे. पण त्यासाठी आधी कण समजून घेतला पाहिजे.

२

आपण गोळी गिळतो किंवा सुई टोचून घेतो, तेव्हा औषध रक्तात मिसळते आणि साऱ्या शरीरभर पसरते. दुखणे एका जागी, औषध सगळीकडे. जेथे गरज नाही तेथेही ते पोहोचते आणि तेथे अपाय करते. कर्करोगावरच्या औषधाने केस गळतात, ते यामुळेच. शिवाय काही औषधे पाण्यात विरघळत नाहीत आणि काही वाटेतच मोडतात. तेव्हा औषध मोकळे न सोडता एखाद्या वाहकात भरून पाठवावे, या विचारातून नॅनोकण आले.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या रक्तातील तांबडी पेशी सुमारे सात हजार नॅनोमीटर रुंद असते. औषध वाहणारे कण बहुधा पन्नास ते दोनशे नॅनोमीटरच्या आसपास असतात. म्हणजे तांबड्या पेशीच्या रुंदीत असे पन्नास-शंभर कण सहज एका रांगेत बसतील. इतके लहान असल्यामुळे ते बारीकातल्या बारीक रक्तवाहिनीतूनही अडथळ्याविना जातात.

यातला पहिला यशस्वी वाहक लिपिडचा. लिपिड म्हणजे स्निग्ध पदार्थ. त्यातला फॉस्फोलिपिड हा प्रकार विशेष आहे. त्याच्या रेणूला एक डोके आणि दोन शेपट्या असतात. डोक्याला पाणी आवडते, शेपट्यांना पाण्याचे वावडे. असे पुष्कळ रेणू पाण्यात टाकले की ते आपोआप दुहेरी थर करतात: डोकी पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. हा थर वळून बंद झाला की पोकळ गोळा तयार होतो. आपल्या प्रत्येक पेशीचे आवरण याच पद्धतीने बनलेले आहे. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथे अ‍ॅलेक बॅंगहॅम या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात हे गोळे ओळखले. त्यांना पुढे लायपोसोम हे नाव पडले. गोळ्याच्या पोकळीत पाण्यात विरघळणारे औषध भरता येते आणि भिंतीच्या स्निग्ध भागात पाण्याशी फटकून असणारे औषध बसवता येते.

हे सगळे ऐकायला छान वाटते. पण अशा कणाने गरिबाचे कधी भले केले आहे काय? केले आहे. ती गोष्ट बिहारची आहे.

३

काळा आजार हा उत्तर बिहारातला जुना रोग. लीशमानिया डोनोव्हानी या परोपजीवीमुळे तो होतो. हा जंतू ओळखला गेला तो १९०३ मध्ये, आणि त्याच्या नावातले डोनोव्हन हे तेव्हा मद्रासमध्ये काम करत होते. महिनोन्‌महिने ताप, पोटात पानथरी वाढलेली, अंगातले रक्त आटलेले, हातापायांच्या काड्या. उपचार न झाल्यास मृत्यू जवळजवळ ठरलेला. रोग पसरवते ती वाळूमाशी. नागपूर जिल्ह्यातील चंडीपुरा येथे १९६५ मध्ये सापडलेला विषाणू पसरवणारी माशी हिच्याच कुळातली. ही माशी ओलसर, सेंद्रिय मातीत वाढते आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत दडून बसते. गोठा आणि घर एकत्र, भिंत कुडाची वा मातीची, जमीन ओली: अशा ठिकाणी ती सुखाने नांदते.

असे घर कोणाचे असते, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. बिहारात मुसहर ही अनुसूचित जात आहे. उंदीर खाणारे, असा अर्थ त्यांच्या नावाला चिकटवला गेला आहे. बहुतांश भूमिहीन शेतमजूर, आणि वस्ती गावापासून वेगळी. आपल्याकडे गावकुसाबाहेर म्हणतात, तिकडे टोला. काळ्या आजाराच्या पाहण्यांत मुसहरांमध्ये या रोगाचे प्रमाण इतरांहून जास्त आढळले आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बिहारमधील रोगग्रस्त कुटुंबांपैकी ८३ टक्के कुटुंबे संपत्तीच्या क्रमवारीत तळाच्या दोन पंचमांशांत मोडत होती. रोगाला जात नसते, असे म्हणतात. जंतूला नसेल. पण भिंतीच्या भेगेला आहे.

या रोगावर डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्त्यात १९२०च्या दशकात युरिया स्टिबामाइन हे अँटिमनीचे औषध दिले. त्याने असंख्य प्राण वाचले. पुढे अँटिमनीच्या औषधांना बिहारातला जंतू दाद देईनासा झाला. १९९२ साली देशात ७७ हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. नोंद न झालेले वेगळेच. मग आधार राहिला तो अ‍ॅम्फोटेरिसिन बी या औषधाचा. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातल्या मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून १९५०च्या दशकात ते मिळवले गेले. जंतूच्या आवरणातील एर्गोस्टेरॉल नावाच्या घटकाला ते पकडते आणि आवरणाला भोके पाडते. पण माणसाच्या पेशीतल्या कोलेस्टेरॉललाही ते थोडेफार पकडते. त्यामुळे थंडी वाजून ताप येतो आणि मूत्रपिंडाला इजा होते. म्हणून ते थोडे थोडे, एक दिवसाआड, असे पंधरा वेळा शिरेतून द्यावे लागे. म्हणजे महिनाभर रुग्णालयात. रोजावर जगणाऱ्या माणसाचा महिना बुडाला, सोबत बसणाऱ्याचाही बुडाला, वर कर्ज झाले. रोगातून उठलेला माणूस सावकाराच्या दारात जाऊन पडे.

आता हेच औषध लायपोसोममध्ये भरले तर काय होते? काळ्या आजाराचा जंतू राहतो महाभक्षी पेशींमध्ये. शरीरात शिरलेले परके कण गिळणे हे या पेशींचे काम. यकृत, पानथरी आणि अस्थिमज्जा येथे त्या दाटीने असतात. जंतू नेमका या पहारेकऱ्याच्या पोटात घर करतो. लायपोसोमही रक्तात गेल्यावर परका कण म्हणून याच पेशी गिळतात. म्हणजे जंतू जेथे लपला, तेथेच औषध जाऊन पडते. मूत्रपिंडाकडे फारच थोडे जाते. त्यामुळे मोठी मात्रा एकदम देता येते. वाहक आणि रोग यांची इतकी नेमकी गाठ औषधशास्त्रात क्वचितच पडते.

मुझफ्फरपूर येथील डॉ. श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४१२ रोग्यांवर याची चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध केले. काहींना जुन्या पद्धतीने पंधरा मात्रा दिल्या, काहींना लायपोसोममधील औषधाची शरीराच्या दर किलोमागे १० मिलिग्रॅम अशी एकच मात्रा दिली. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा एका मात्रेने ९५.७ टक्के बरे झाले होते, पंधरा मात्रांनी ९६.३ टक्के. गुण जवळजवळ सारखाच. फरक होता तो रुग्णालयातल्या मुक्कामात. एकीकडे २९ दिवस, दुसरीकडे १ दिवस. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याच्यासाठी विज्ञानाने केलेली याहून मोठी बचत मला तरी ठाऊक नाही.

म्हणून यंत्र, तंत्र, नॅनो असे शब्द ऐकताच 'हे भांडवलदारांचे खेळ' म्हणून पाठ फिरवणाऱ्या आपल्यातल्या मित्रांशी माझे पटत नाही. एका कणाने मुसहर मजुराचा महिना वाचवला, ही वस्तुस्थिती आहे. ती नाकारून आपण कोणाचेही भले करत नाही.

४

लायपोसोममध्ये उणिवाही आहेत. ती भिंत स्निग्ध रेणूंनी नुसती एकमेकांना धरून उभी केलेली असते. काळ जाईल तशी ती झिरपते, उष्णतेने बिघडते, आतले औषध बाहेर येते. औषध हळूहळू, ठरलेल्या वेगाने सोडणे तिला जमत नाही.

दुसरा वाहक पॉलिमरचा, म्हणजे बहुवारिकाचा. एकच लहान घटक पुन्हा पुन्हा जोडून केलेली लांबच लांब साखळी म्हणजे बहुवारिक. प्लास्टिक हे बहुवारिक आणि कापूसही बहुवारिकच. औषधासाठी त्यातले शरीरात विरून जाणारे घेतात. त्यात सर्वांत परिचित पीएलजीए. लॅक्टिक आम्ल आणि ग्लायकोलिक आम्ल यांच्या घटकांची ही साखळी आहे. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरणारे टाके याच कुळातले, १९७०च्या दशकापासून वापरात असलेले. शरीरातल्या पाण्याने साखळीचे दुवे सुटतात आणि जी आम्ले उरतात त्यांची विल्हेवाट शरीर स्वतःच लावते. अशा पॉलिमरचा भरीव कण करून त्यात औषध कोंडले, तर कण झिजेल तसे औषध दिवसेंदिवस बाहेर पडत राहते. कण मजबूत असतो. पण त्याचीही दोन दुखणी आहेत. सुरुवातीलाच पुष्कळसे औषध एकदम बाहेर फुटते, आणि त्याचा उघडा पृष्ठभाग पेशीच्या आवरणाशी लिपिडसारखा मिसळून जात नाही.

एकाजवळ जवळीक आहे, पण टिकाऊपणा नाही. दुसऱ्याजवळ टिकाऊपणा आहे, पण जवळीक नाही. तेव्हा दोघांचा संकर करावा, हा विचार पुढे आला. २००८ मध्ये अमेरिकेत लिआंगफांग झांग, रॉबर्ट लँगर, ओमिद फारोखजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कण सोप्या पद्धतीने करून दाखवले. कणाचे तीन भाग. आत पीएलजीएचा गाभा, त्यात औषध. गाभ्याभोवती लेसिथिनचा एकेरी थर. लेसिथिन म्हणजे सोयाबीनमधून वा अंड्याच्या बलकातून मिळणारे फॉस्फोलिपिड. आणि त्या थरातून बाहेर डोकावणाऱ्या पीईजी नावाच्या पाणीप्रिय बहुवारिकाच्या झुपक्यासारख्या साखळ्या.

करण्याची रीत ऐकून आश्चर्य वाटेल. पीएलजीए आणि औषध पाण्यात मिसळू शकणाऱ्या एका सेंद्रिय द्रावकात विरघळवतात. दुसऱ्या भांड्यात लेसिथिन आणि पीईजी जोडलेले लिपिड गरम पाण्यात घेतात. पहिले द्रावण दुसऱ्यात थेंब थेंब सोडून ढवळत राहतात. पाणी लागताच पॉलिमर गोळा होऊन गाभा बनतो. त्याला पाणी नकोसे, म्हणून लिपिडच्या शेपट्या त्याला चिकटतात आणि डोकी पाण्याकडे राहतात. द्रावक उडून जातो. कोणी हाताने थर चढवत नाही. रेणू आपापली जागा घेतात.

गोम आहे ती प्रमाणात. लिपिड कमी पडले तर गाभा काही ठिकाणी उघडा राहतो आणि कण एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. जास्त झाले तर उरलेल्या लिपिडचे वेगळे लायपोसोम तयार होतात आणि मालात भेसळ होते. प्रमाण साधले की लिपिडचा थर दोन कामे करतो. आतले औषध एकदम बाहेर पडू देत नाही, आणि बाहेरचे पाणी आत शिरण्याचा वेग कमी करून गाभ्याची झीज लांबवतो. हा संकराचा खरा लाभ.

प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात जे साधते ते कारखान्याच्या टाकीत साधेलच असे नाही. ढवळण्याचा वेग, उष्णता, थेंबाचा आकार यांत थोडा बदल झाला तरी कणाचा आकार बदलतो. द्रावकाचा अंशही मागे राहता कामा नये. अशा कारणांनी या कणांवरचे बहुतेक काम आजही प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांत आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण पुस्तके आणि जाहिराती मिळून उद्याचे औषध आजच हाती आल्यासारखे भासवतात.

५

आता 'रोगी कोण' या मूळ प्रश्नाकडे येऊ. बाहेरच्या पीईजीच्या साखळ्या कशासाठी? महाभक्षी पेशींना चुकवण्यासाठी. कणाच्या पृष्ठभागावर रक्तातली प्रथिने चिकटली की पेशी त्याला परका म्हणून ओळखते आणि गिळते. पीईजीची पाणीदार झालर प्रथिनांना दूर ठेवते. कण बराच वेळ रक्तात फिरत राहतो आणि कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोहोचण्याची त्याची शक्यता वाढते. याच युक्तीचे लायपोसोममधले औषध अमेरिकेत १९९५ पासून वापरात आहे. पुढे झांग यांच्याच गटाने २०११ मध्ये पॉलिमरच्या कणाला तांबड्या पेशीचे आवरणच पांघरून दाखवले. हेतू तोच: पहारेकऱ्याच्या नजरेतून सुटावे.

कर्करोगासाठी हे योग्यच आहे, जरी तेथेही फुशारकी मारण्यासारखी स्थिती नाही. दहा वर्षांच्या संशोधनाचा २०१६ मध्ये घेतलेला आढावा सांगतो की टोचलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के होते.

पण काळ्या आजारात हिशेब उलटा होतो. तेथे कणाने महाभक्षी पेशीला चुकवायचे नाही. तिने त्याला ओळखावे, गिळावे, हेच हवे. म्हणजे कर्करोगासाठी नीट घडवलेला कण काळ्या आजारासाठी तसाच्या तसा उपयोगी नाही. त्याची झालर काढावी लागेल, पृष्ठभाग बदलावा लागेल. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये असे काम प्रसिद्ध केले. अ‍ॅम्फोटेरिसिन बी भरलेले, धनभार असलेल्या लिपिडचे कवच चढवलेले संकरित कण. धनभारामुळे पेशी ते चटकन उचलते. म्हणजे हे जमण्यासारखे आहे आणि आपल्या देशातल्या सरकारी संस्थेला जमते.

'जागतिक' म्हणून जे तंत्र समोर येते, त्याच्या पोटात एक ठरावीक रोगी बसलेला असतो. तो वातानुकूलित रुग्णालयात येतो, त्याचा विमा असतो, त्याच्या शहरात शीतपेटी कधी बंद पडत नाही. हे कोणी दुष्टपणाने केले असे मी म्हणत नाही. ज्याच्या रोगावर पैसा मिळतो त्याच्यासाठी कण घडतो, एवढाच त्याचा अर्थ. मुसहर रोग्यासाठी कण घडवायचा तर कोणीतरी तसा निर्णय घ्यावा लागतो. आपोआप गोळा होतात ते रेणू. न्याय तसा होत नाही.

६

एक मात्रा प्रसिद्ध झाली २०१० मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी त्याच वर्षी तिची शिफारस केली. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती आली २०१४ मध्ये. ज्या रोग्यांच्या अंगावर चाचणी झाली ते बिहारचे होते आणि वाट पाहिली तीही बिहारच्याच रोग्यांनी. दरम्यान 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या संघटनेने २००७ पासून वैशाली जिल्ह्यात हाजीपूरच्या सरकारी रुग्णालयात लायपोसोमच्या औषधाने आठ हजारांहून अधिक रोग्यांवर उपचार केले. म्हणजे गरिबांच्या मुलखात हे औषध देता येत नाही, ही सबब टिकणारी नव्हती.

अडचण किमतीची होती. पस्तीस किलो वजनाच्या, रोगाने झिजलेल्या माणसाला ३५० मिलिग्रॅम औषध लागते, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सात कुप्या. जागतिक आरोग्य संघटनेने कंपनीशी ठरवलेल्या सवलतीच्या दराने कुपी सुमारे १८ डॉलरची, तरी एका रोग्याचे औषध सव्वाशे डॉलरच्या घरात गेले. गिलियड कंपनीने २०११ च्या अखेरीस ४ लाख ४५ हजार कुप्या दान देण्याचा करार केला, पुढे तो वाढवलाही. त्या दानावर मोहीम चालली. दान स्वीकारण्यात कमीपणा नाही, जीव वाचले. पण दान हा हक्क नव्हे. देणाऱ्याने हात आखडला की काय, हा प्रश्न उरतोच.

आणि हे औषध या देशात करता येत नव्हते असेही नाही. दिल्लीतील डॉ. बी. के. बच्छावत आणि मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या प्रयत्नांतून लायपोसोममधील अ‍ॅम्फोटेरिसिन देशातच तयार झाले होते. २०२१च्या मे महिन्यात करोनानंतरच्या काळ्या बुरशीने महाराष्ट्र हादरला, तेव्हा हेच इंजेक्शन मिळवण्यासाठी शहरांतली माणसे रात्रंदिवस धावत होती. त्या वेळी आणखी कंपन्यांना उत्पादनाचे परवाने झटपट मिळाले आणि वर्ध्यातही या औषधाचे उत्पादन सुरू झाले. ते व्हायलाच हवे होते. प्रश्न इतकाच की, मागणाऱ्याचा आवाज मोठा असला की जे काही आठवड्यांत होते, ते टोल्यावरच्या रोग्यासाठी वर्षानुवर्षे का होत नाही?

दुसरी अडचण उष्णतेची. दान आलेली ती कुपी २५ अंशांपेक्षा अधिक उष्णतेत ठेवायची नाही आणि गोठवायचीही नाही. बिहारचा उन्हाळा चाळीस अंश ओलांडतो. शिवाय औषध आधी इंजेक्शनच्या पाण्यात हलवून, गाळून, मग डेक्स्ट्रोजमध्ये मिसळायचे असते. मिठाच्या सलाईनमध्ये घातले तर ते बिघडते. म्हणजे शीतपेटी हवी, वीज हवी आणि शिकलेली परिचारिका हवी. करोनाच्या लसीत हेच दिसले. लिपिड कणांवर आधारलेल्या लसीला सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास थंडी लागे, आणि आपल्या देशात मोहीम चालली ती साध्या शीतपेटीत राहणाऱ्या लसींवर. म्हणून संकरित कण अधिक टिकाऊ होतो, हे वाक्य मला महत्त्वाचे वाटते. टिकाऊपणा हा शोधनिबंधातला एक रकाना आहे खरा. पण प्राथमिक आरोग्य केंद्रातली शीतपेटी बंद पडली त्या रात्री तोच रोग्याच्या जीविताचा प्रश्न होतो.

कणाने काय होत नाही, हेही सांगितले पाहिजे. कण भिंतीची भेग बुजवत नाही. डीडीटीला वाळूमाशी दाद देईनाशी झाली, तेव्हा २०१५च्या सुमारास दुसरे कीटकनाशक आणावे लागले. तेही फवारायला माणूस टोल्यापर्यंत गेला पाहिजे. काही रोगी बरे झाल्यावर त्यांच्या कातडीवर फिके चट्टे उठतात. चट्ट्यांत जंतू असतात, त्यांतून रोग पुन्हा पसरू शकतो. लोक त्यांना कुष्ठरोगी समजून दूर करतात. आधीच गावाबाहेर असलेला माणूस वस्तीच्याही बाहेर पडतो. २०२३ मध्ये देशभरात नोंदलेले रुग्ण हजाराच्या आत आले आणि दर ब्लॉकमध्ये दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने सांगितले. हे मोठे यश आहे. पण रोगी थोडे उरले की पैसा आणि लक्ष दोन्ही दुसरीकडे जातात. आणि जे थोडे उरतात, ते कोठे उरतात, हे वर आलेच आहे.

७

तेव्हा आपण काय करावे? नव्या औषधाची बातमी आली की चळवळीतल्या माणसाने आणि विद्यार्थ्याने काही साधे प्रश्न विचारायला शिकावे. हा वाहक कोणत्या रोगासाठी घडवला? तो किती उष्णतेत, किती दिवस टिकतो? एका रोग्याचा पूर्ण उपचार किती रुपयांचा, आणि पेटंट कोणाकडे? चाचणी कोणाच्या शरीरावर झाली आणि औषध आधी कोणाला मिळाले? तो दिवस बुडवून घ्यायचा की महिना? हे प्रश्न विचारायला डॉक्टर असावे लागत नाही. पण उत्तर समजून घ्यायला थोडे रसायनशास्त्र यावे लागते. ते आपल्या मुलांनी शिकावे, नुसते पाठ करू नये. प्रयोगशाळेत आपली माणसे गेली पाहिजेत. तेथे विषय निवडला जातो, आणि विषय निवडतानाच रोगी निवडला जातो.

शिक्षकांना एक विनंती. 'नेमक्या जागी औषध' हा धडा शिकवताना फळ्यावर पेशीचे चित्र काढाल, तेव्हा शेजारी दुसरेही चित्र काढा: कारखाना, गोदाम, जिल्हा रुग्णालय, प्राथमिक केंद्र, टोला. पहिल्या चित्रातल्या वाटेचे अंतर नॅनोमीटरमध्ये मोजायचे, दुसऱ्यातल्या वाटेचे किलोमीटरमध्ये. मग विद्यार्थ्यांना विचारा की औषध कोणत्या वाटेवर जास्त वेळा अडते, आणि त्यांना आपापल्या गावच्या केंद्रात जाऊन ते शोधून यायला सांगा.